काजव्याचा दिवा आणि प्रकाशाचे घर



वैशाख सरत आला, वळवाच्या एकदोन सरी पडून गेल्या, की आपल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेला राधानगरी-दाजीपूरच्या रानात एक नवल सुरू होते. मृगाचा पाऊस लागण्याआधीच्या थोड्या दिवसांत तिथली झाडेच्या झाडे काजव्यांनी लुकलुकू लागतात. क्षणात झाड उजळते, क्षणात विझते, आणि पुन्हा उजळते. हे रान पूर्वी कोल्हापूर संस्थानचे राखीव शिकारीचे रान. छत्रपती शाहू महाराजांनी ज्या भोगावतीवर राधानगरीचे धरण बांधायला घेतले, तिच्याच खोऱ्यातले. १९५८ साली दाजीपूरला गव्यांचे अभयारण्य झाले, १९८५ साली ते वाढून राधानगरी अभयारण्य झाले, आणि २०१२ साली पश्चिम घाटातील इतर ठिकाणांबरोबर त्याचे नाव जागतिक वारशाच्या यादीत गेले. गवा पाहायला माणसे जातातच. पण जेठाच्या तोंडावर जातात ती काजवे पाहायला.

या काजव्याकडे पाहून माणसाला फार पूर्वीपासून दोन प्रश्न पडत आले. पहिला : हा दिवा पेटतो कशाने? दुसरा, पहिल्यापेक्षा अवघड : पेटलेला प्रकाश बाहेर येतो कसा? किती यावा, कोणत्या दिशेने यावा, किती लवकर यावा, हे कोण ठरवते? दिवा ठरवतो, की दिव्याचे घर ठरवते? आजच्या भाषणात मला या दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास सांगायचा आहे. त्याची सुरुवात किड्यापासून होते आणि शेवट आपल्या घरातल्या, ग्रामपंचायतीच्या खांबावरच्या विजेच्या दिव्यापाशी.

पहिला प्रश्न आधी उरकून घेऊ. पावसाळ्यात आंबोलीच्या, भीमाशंकरच्या जंगलात कुजके लाकूड रात्री मंद हिरवे चमकते. ती बुरशीची करामत. असेच चमकणारे लाकूड इंग्लंडात रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञाने १६६७ साली काचेच्या भांड्यात ठेवले आणि पंपाने भांड्यातली हवा काढून घेतली. चमक गेली. हवा आत सोडली, चमक परत आली. म्हणजे या थंड प्रकाशालाही चुलीतल्या विस्तवासारखी हवा लागते, हे कळले. पुढे १८८० च्या दशकात फ्रान्समध्ये राफाएल द्युबुआ याने चमकणाऱ्या किड्यांचा आणि शिंपल्यांचा अर्क काढला. थंड पाण्यातला अर्क काही वेळ चमकून विझला, गरम पाण्यातला अर्क चमकलाच नाही. पण दोन्ही एकत्र करताच पुन्हा प्रकाश पडला! यावरून त्याने ताडले, की येथे दोन पदार्थ आहेत : एक जळणारा आणि दुसरा त्याला जाळणारा. पहिल्याला त्याने ल्युसिफेरिन म्हटले, दुसऱ्याला ल्युसिफेरेज. त्यानंतर अमेरिकेत विल्यम मॅकएलरॉय यांनी मुलांना पैसे देऊन काजवे गोळा करवले आणि १९४७ साली दाखवून दिले, की या ज्वलनाला एटीपी नावाचा पदार्थही लागतो. आपल्या स्नायूंना बळ देतो तोच हा पदार्थ. पैलवान ज्या इंधनावर दंड काढतो, त्याच इंधनावर काजवा दिवा लावतो म्हणा ना!

या दिव्यात उष्णता जवळजवळ नाही. जुन्या पुस्तकांत काजव्याच्या शंभर रेणूंपैकी अठ्ठ्याऐंशी-नव्वद रेणू प्रकाश देतात असे छापलेले आढळते. २००८ साली जपानमधील संशोधकांनी नव्याने मोजमाप केले, तेव्हा हा आकडा शेकडा ४१ च्या आसपास भरला. तरीही रसायनाने उजळणाऱ्या दिव्यांत काजवा वरच्याच पंक्तीला बसतो.

आता दुसरा प्रश्न. प्रकाश तयार झाला, एवढ्याने भागत नाही. तो बाहेर यायला हवा.

विहिरीत सूर मारणाऱ्या मुलांना ही गोष्ट ठाऊक असते, फक्त तिचे नाव ठाऊक नसते. तळाशी जाऊन वर पाहावे. सारे आकाश, काठावरची झाडे, कठड्यावर बसलेले सोबती, सगळे एका गोल खिडकीत गोळा झालेले दिसते. त्या खिडकीबाहेर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा होतो. याचा अर्थ असा, की खालून वर निघालेला उजेड त्या खिडकीतूनच बाहेर पडू शकतो. जास्त तिरपा गेला, की पाण्याच्या कातडीवर आपटून परत खाली येतो. याला शास्त्रात पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतात. पदार्थ जितका प्रकाशाला अधिक वाकवणारा, तितकी ही खिडकी लहान. ज्या गॅलियम नायट्राइडपासून आजचे पांढरे एलईडी दिवे बनतात, त्याची खिडकी इतकी चिंचोळी आहे, की सपाट पृष्ठभागातून एका बाजूने शंभरातला जेमतेम चार भाग प्रकाश बाहेर निसटतो. उरलेला आतच भिंतींवर आपटत राहतो आणि शेवटी त्याची उष्णता होते.

काजव्यापुढेही हीच अडचण. तिच्यावर निसर्गाने काय तोड काढली? काजव्याच्या पोटाकडील शेवटच्या खंडांत त्याचा दिवा असतो. त्याचे तीन थर. बाहेर पारदर्शक कातडी. मधे प्रकाश निर्माण करणाऱ्या पेशी. त्यांच्यामागे युरिक आम्लाच्या बारीक कणांचा पांढरा थर, तो आत जाणारा प्रकाश बाहेर परतवतो. देवळातल्या दिव्यामागे चकचकीत पितळी पत्रा लावावा, तसाच हा प्रकार. पण खरी गंमत बाहेरच्या कातडीत आहे. ती मोठ्या भिंगाखाली पाहिली तर सपाट नसते. तिच्याकडे आपण शेवटी वळणार आहोत. कारण ती गंमत कळायला माणसाला बरीच वाट तुडवावी लागली.

श्रोतेहो, शंभर वर्षांपूर्वी शास्त्रज्ञांची समजूत अशी होती, की प्रकाश देणे हा अणूचा स्वतःचा स्वभाव. अणूला ऊर्जा मिळाली, की थोड्या वेळाने तो ती प्रकाशरूपाने टाकून देतो. कधी टाकणार, ते तोच जाणे. आइन्स्टाइन यांनी १९१७ साली याचे गणित मांडले आणि या आपोआप प्रकाश टाकण्याला एक ठराविक वेग धरला. याला आपण उत्स्फूर्त उत्सर्जन म्हणू. अणू काचेत असो की हवेत, मोकळ्या मैदानात असो की बंद पेटीत, त्याचा वेग तोच, असे पुढे बरेच दिवस धरून चालत. कंदिलाची काच उजेड अडवील, वळवील, रंगवील. पण वात किती जळावी हे काच कशी ठरवणार?

ही समजूत १९४६ साली हलली. अमेरिकेतील एडवर्ड पर्सेल यांनी एका सभेसाठी एक छोटेसे टिपण दिले. जेमतेम एका परिच्छेदाचे. ते प्रकाशाविषयी नव्हते, रेडिओलहरींविषयी होते. आपण आता हे भाषण ज्या लहरींवर ऐकता, त्याच कुळातल्या. पर्सेल म्हणाले, मोकळ्यावर सोडलेल्या अणुगर्भाने आपण होऊन रेडिओलहर टाकायची म्हटली, तर त्याला ५ वर २१ शून्ये इतके सेकंद लागतील. विश्वाच्या वयापेक्षाही हा काळ हजारो पटींनी मोठा. पण त्याच पदार्थात धातूचे अतिशय बारीक कण मिसळले, तर तेच काम काही मिनिटांत उरकेल. अणुगर्भ तोच. बदलले ते फक्त शेजार.

हे कसे? आपण आपल्याकडचे उदाहरण घेऊ. गळीत हंगामात साखर कारखान्यापुढे उसाच्या गाड्यांची रांग लागते. गाडी भरलेली आहे, गाडीवान रिकामी करायला उत्सुक आहे. पण गाडी कधी रिकामी होईल, हे एकट्या गाडीवानावर नाही. पुढे काटे किती चालू आहेत, गव्हाणी किती मोकळ्या आहेत, यावरही ते आहे. चार काटे असतील तर तासाभरात मोकळीक, एकच असेल तर रात्र तळावर, आणि फाटक बंद असेल तर ऊस गाडीतच वाळणार. अणूचेही असेच. त्याला आपली ऊर्जा प्रकाशाच्या लहरीत ओतायची असते. ती लहर आसपासच्या जागेत मावणारी असली पाहिजे. जागा अशी बांधली, की त्या लहरीला भरपूर वाटा आहेत, तर अणू चटकन प्रकाश देईल. अशी बांधली, की एकही वाट नाही, तर अणू भरलेल्या गाडीसारखा थांबून राहील. प्रकाशाचा जन्म लवकर व्हावा की उशिरा, हे घरही ठरवते.

पर्सेल यांना १९५२ साली नोबेल पारितोषिक मिळाले, पण ते दुसऱ्या कामासाठी. हे टिपण बराच काळ कोपऱ्यातच राहिले. १९६० च्या दशकात जर्मनीत मारबुर्ग येथे कार्ल ड्रेक्सहागे यांनी एक सुंदर प्रयोग केला. चांदीच्या आरशावर त्यांनी रेणूंचे अतिशय पातळ थर एकावर एक रचले, आणि वर युरोपियम या मूलद्रव्याचे चमकणारे रेणू ठेवले. थर कमीजास्त करून आरसा आणि रेणू यांतले अंतर बदलले. अंतर बदलले तसा त्या रेणूंचा चमकण्याचा काळही वरखाली होत गेला. शेजारी एक आरसा ठेवण्याने दिव्याची वात जोरात किंवा सावकाश जळते, हे अशा रीतीने डोळ्यांनी पाहिले गेले.

आता या घराच्या भिंती किती मोठ्या हव्यात? इथेच ते आजकाल कानी पडणारे 'नॅनो' येते. एक मिलिमीटर म्हणजे दहा लाख नॅनोमीटर. आपल्या डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाच्या लाटेची लांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर. डोक्याचा केस जाडीला पन्नास हजार ते एक लाख नॅनोमीटर भरतो. म्हणजे एका केसाच्या जाडीत शंभरएक लाटा सहज बसतील. रंकाळ्याच्या काठावरची पायरी पाण्यावरच्या लाटेला अडवते, कारण ती लाटेच्या मानाने मोठी आहे. वाळूचा एक कण अडवू शकत नाही. प्रकाशाला वळण लावायचे, तर अडथळे त्याच्या लाटेच्या मापाचेच हवेत. अर्ध्या लाटेच्या अंतरावर, ओळीने, नेमके.

असे घर निसर्गात आहे काय? आहे, आणि ते आपल्या प्रत्येकाच्या परिचयाचे आहे. मोराचे पीस! त्यात निळा रंग कालवलेला नसतो. रॉबर्ट हुक याने १६६५ सालीच पाहिले होते, की पीस पाण्यात भिजले की त्याचे झळाळते रंग जातात. खरा रंग असता तर तो भिजल्याने कसा जाईल? २००३ साली चीनमधील संशोधकांनी दाखवले, की पिसाच्या सूक्ष्म तंतूंत काळ्या मेलॅनिनच्या बारीक काड्या जाळीसारख्या रचलेल्या असतात. त्यांच्यातले अंतर दीडशे नॅनोमीटरच्या आसपास. हे अंतर किंचित बदलले की निळ्याचा हिरवा होतो, हिरव्याचा पिवळा. आपले सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनाही या रंगांचे मोठे वेड. ज्या शोधामुळे आपण २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन पाळतो, तो १९२८ चा शोध लावल्यानंतरही त्यांनी शिंपल्यांची झाक, पक्ष्यांची पिसे, ओपल नावाचे रत्न यांचा कित्येक वर्षे अभ्यास केला. रचनेतून रंग निघतो, हे त्यांनी आपल्या देशातल्या मुलांना पुन्हा पुन्हा सांगितले.

पण मोराचे पीस बाहेरून आलेला प्रकाश परतवते. त्याच्या आत दिवा नाही. पुढचा विचार असा, की अशा जाळीच्या आतच दिवा ठेवला तर? जाळी ज्या रंगाला वाट देत नाही, त्या रंगाचा प्रकाश आतला अणू देऊच शकणार नाही. १९७२ साली रशियात व्लादिमीर बायकोव यांनी हे लिहिले, पण फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९८७ साली दोघांनी एकमेकांना न विचारता तीच कल्पना जोरकसपणे मांडली. एक अमेरिकेतील एली याब्लोनोविच, दुसरे केरळी मुळाचे साजीव जॉन. याब्लोनोविच यांना लेसर आणि दिवे यांत फुकट जाणारा उत्स्फूर्त प्रकाश थांबवायचा होता. जॉन यांना प्रकाश एका जागी कोंडून ठेवता येतो का, हे पाहायचे होते. दोघेही एकाच घराच्या दाराशी आले. त्या घराचे नाव पडले फोटॉनिक क्रिस्टल. आपण त्याला प्रकाश-स्फटिक म्हणू.

कल्पना मांडणे निराळे आणि वस्तू घडवणे निराळे. प्रकाशाच्या मापाची जाळी कोरण्याची हत्यारे तेव्हा नव्हती. म्हणून याब्लोनोविच यांनी युक्ती केली. प्रकाशाऐवजी दीडदोन सेंटिमीटर लांबीच्या सूक्ष्मलहरी घेतल्या, म्हणजे जाळीची भोकेही मिलिमीटरच्या मापाची चालतील. मग ठोकळ्यांवर ठोकळे घेऊन त्यांत भोके पाडायला सुरुवात झाली. एक रचना जमली असे वाटले, पण दुसऱ्यांनी गणित करून पाहिले तेव्हा ती पुरी बंदिस्त नव्हती. कुठेतरी एक फट राहून जात होती. सुमारे चार वर्षांच्या खटपटीनंतर १९९१ साली तीन दिशांनी तिरपी भोके पाडलेला ठोकळा तयार झाला, आणि त्यातून ठराविक लहर कोणत्याही बाजूने जाईना. आपल्या उद्यमनगरात ड्रिल चालवणाऱ्या कारागिराला हे काम परके वाटले नसते. कोन नेमका, खोली नेमकी, आणि एक भोक चुकले तर ठोकळा वाया. आधुनिक भौतिकशास्त्रातला एवढा मोठा शोध अखेर एका ड्रिलच्या टोकावर उभा राहिला, ही गोष्ट हाताने काम करणाऱ्या मुलांना शिक्षकांनी अवश्य सांगावी.

पुढे हत्यारे सुधारली आणि जाळी खऱ्या प्रकाशाच्या मापावर उतरली. २००४ साली नेदरलँड्समधील संशोधकांनी टिटानियम डायऑक्साइडची, म्हणजे पांढऱ्या रंगात असतो त्याच पदार्थाची, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी पोकळ जाळी केली. तिच्यात कॅडमियम सेलेनाइडचे काही नॅनोमीटरचे कण ठेवले. जाळीच्या भोकांचे माप बदलले, की तेच कण कधी लवकर चमकून मोकळे होत, कधी रेंगाळत. दुसऱ्याच वर्षी जपानमध्ये क्योटो येथे सुसुमू नोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका पातळ पट्टीवर जाळी कोरून आतला प्रकाश पाचपट मंदावून दाखवला. विशेष म्हणजे जी ऊर्जा वाया जायची थांबली, ती पट्टीला काटकोनात, हव्या त्या दिशेने बाहेर पडली. चुकीची दारे बंद केली, तर गाडी योग्य दाराने जाते. पर्सेलच्या टिपणाला तोवर जवळजवळ साठ वर्षे झाली होती.

या कामात आपल्याकडचे कोणी होते का? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सुशील मुजुमदार यांच्या प्रयोगशाळेत अस्ताव्यस्त रचनेत सापडलेल्या प्रकाशाचा अभ्यास होत आला आहे. आणि आपल्या कोल्हापुरात? १८ नोव्हेंबर १९६२ रोजी शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले. सागरमाळाच्या त्या उघड्या माळावरच्या विद्यापीठात पातळ थरांचा, म्हणजे केसाहून कितीतरी पातळ अशा पदार्थांच्या पापुद्र्यांचा, अभ्यास रुजला. मोठमोठी यंत्रे नव्हती. म्हणून स्वस्त रीत हाताळली गेली. काचेची पट्टी क्षारांच्या द्रावणात बुडवून ठेवायची, उष्णता आणि वेळ सांभाळायची, आणि दुधावर साय धरावी तसा पदार्थ पट्टीवर हळूहळू धरू द्यायचा. याला रासायनिक निक्षेपण म्हणतात. या रीतीवर माने आणि लोखंडे या विद्यापीठातील संशोधकांनी २००० साली लिहिलेला आढावा जगभरच्या प्रयोगशाळांतून वाचला गेला. कॅडमियम सेलेनाइड, टिटानियम डायऑक्साइड ही दोन्ही नावे आताच आपण परदेशच्या प्रयोगात ऐकली. तीच नावे कोल्हापूरच्या प्रयोगशाळांतील बाटल्यांवर कित्येक वर्षे आहेत. येथील काम मुख्यतः सूर्यघटांसाठी आणि ऊर्जा साठवण्यासाठी झाले, प्रकाश कोंडण्यासाठी नव्हे. परंतु पदार्थ हवा तितका पातळ धरता येणे, हीच त्या घराची पहिली वीट. आता त्याच विद्यापीठात नॅनोविज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे, आणि शाहूवाडी-भुदरगडच्या वाड्यावस्त्यांतल्या मुलाला त्यासाठी परदेशी जावे लागत नाही.

आता परत दिव्याकडे. १९९३ साली जपानमध्ये शुजी नाकामुरा यांनी तेजस्वी निळा एलईडी बनवला. या शोधासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. निळ्यावर पिवळा लेप दिला, की पांढरा उजेड. पण मघाशी सांगितलेली विहिरीची खिडकी आडवी आलीच. तयार झालेला उजेड बाहेर येईना. २००४ साली दिव्याचा पृष्ठभाग मुद्दाम खडबडीत करून पाहिला, तेव्हा बाहेर येणारा उजेड दुपटीहून वाढला. २००९ साली प्रकाश-स्फटिकाची जाळी कोरलेल्या दिव्यातून शंभरातला ७३ भाग प्रकाश बाहेर काढता आला. चारावरून निघालेली ही वाट कुठवर आली पाहा!

आणि इथे काजवा पुन्हा भेटतो. २०१२ साली दक्षिण कोरियातील संशोधकांनी काजव्याच्या दिव्यावरची कातडी तपासली. तिच्यावर प्रकाशाच्या लाटेहून बारीक असे समांतर कंगोरे होते. त्यांच्यामुळे बाहेर पडताना प्रकाश आपटून परत येण्याचे प्रमाण घटते. त्यांनी तसेच कंगोरे एलईडीच्या भिंगावर उठवले. २०१३ च्या जानेवारीत बेल्जियममधील अॅनिक बे, झाँ पोल विन्येरॉं आणि कॅनडातील त्यांचे सहकारी यांनी फोट्युरिस जातीच्या काजव्यांचे आणखी एक गुपित छापले. त्यांच्या कातडीवर खवले असतात आणि ते कौलांसारखे एकावर एक चढलेले असतात. प्रत्येक कौलाची कड किंचित वर उचललेली. सपाट धाब्यातून निसटू न शकणारा तिरपा प्रकाश या उचललेल्या कडांतून बाहेर पडतो. हे कंगवे नॅनोमीटरचे नव्हेत, त्याहून मोठे, काही हजार नॅनोमीटरचे. तरी परिणाम सर्वांत जास्त त्यांचाच. एलईडीवर एक लेप देऊन त्यात लेसरने असाच कौलारू नमुना कोरला, तर बाहेर येणारा प्रकाश शेकडा ५५ पर्यंत वाढला. लाखो वर्षे रानात जे कौलारू घर उभे होते, त्याची नक्कल करायला माणसाला एकविसावे शतक उजाडावे लागले.

या सगळ्याचा आपल्याशी संबंध काय? फार जवळचा आहे. २०१५ च्या जानेवारीत केंद्र सरकारची उजाला योजना सुरू झाली, आणि तिच्यात देशभर ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे वाटले गेले. जिथे साठ वॉटचा बल्ब तारेची उष्णता खोलीभर पसरवीत असे, तिथे नऊ वॉटचा दिवा तेवढाच उजेड देऊ लागला. मुलांचा अभ्यास झाला, बिल उतरले. वस्त्यांवर, वाटांवर, रानाच्या काठावरही खांब उभे राहिले. हे चांगलेच झाले. पण त्यातून एक नवी अडचण उभी राहिली आहे, ती समजून घ्यायला हवी.

काजव्याचा प्रकाश ही त्याची भाषा आहे. नर उडत उडत ठराविक चालीने लुकलुकतो, गवतातली किंवा पानावरची मादी त्याला उत्तर देते. प्रौढ काजव्याचे आयुष्य थोड्या आठवड्यांचे. तेवढ्यात जोडीदार सापडला तर पुढची पिढी, नाही तर नाही. खांबावरच्या पांढऱ्या झगझगाटात हे मंद बोलणे बुडून जाते. २०२० साली अमेरिकेतील सारा लुईस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरच्या जाणकारांना विचारून काजव्यांपुढचे धोके मांडले. पहिला रान तुटण्याचा, आणि त्यापाठोपाठ कृत्रिम उजेड आणि कीटकनाशके. काजव्याची अळी ओलसर मातीत राहते, गोगलगायी खाऊन वाढते. मातीत विष गेले तर तीही गेली. ज्या किड्याच्या कौलांवरून माणूस दिवा सुधारायला शिकला, त्याच किड्याला तो सुधारलेला दिवा जड जाऊ लागला आहे.

मग दिवे विझवायचे का? मुळीच नाही. रात्री साप-विंचवाच्या वाटेने जाणाऱ्याला उजेड हवाच. आजच्या भाषणाचा जो मुद्दा, तोच इथेही उपयोगी पडतो. नुसत्या दिव्याकडे पाहू नका, दिव्याच्या घराकडे पाहा. खांबावरच्या दिव्याला वरून झाकण असेल आणि उजेड खाली रस्त्यावरच पडत असेल, तर रस्ताही दिसतो आणि झाडही अंधारात राहते. उघडा दिवा आपला बराच उजेड आभाळात आणि झाडीत उधळतो. त्याचे पैसे आपणच भरतो. रानाच्या काठावरच्या गावांनी मे-जूनच्या त्या थोड्या आठवड्यांत नको असलेले दिवे मध्यरात्रीऐवजी आठ-नऊलाच मालवले, पांढऱ्याऐवजी पिवळसर दिवे लावले, आणि काजवे पाहायला येणाऱ्या पाहुण्यांना बॅटरीचा झोत झाडावर मारू दिला नाही, तर खर्च काही नाही. ग्रामसभेत हा विषय कोणीतरी काढायला मात्र हवा.

शिक्षकबंधूंनो, हा सारा धडा शाळेत फुकट दाखवता येतो. मोराच्या गळालेल्या पिसावर पाण्याचे थेंब टाका आणि रंग कसा बदलतो, ते मुलांना पाहू द्या. घरात पडून असलेली जुनी गाण्यांची सीडी उन्हात धरा. तिच्यावरच्या रेघा १६०० नॅनोमीटर अंतरावर असतात आणि त्याच रेघा उन्हाचे सात रंग फोडतात. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन खालून तिरपे वर पाहा, विहिरीतली ती खिडकी पेल्यातही दिसेल. मग मुलांना विचारा, की आपल्या शाळेपुढच्या खांबावरचा उजेड नेमका कुठे कुठे जातो? संध्याकाळी जाऊन पाहून या, आणि वहीत लिहा. रस्त्यावर किती, भिंतीवर किती, झाडावर किती, आभाळात किती.

ती वही ग्रामपंचायतीच्या टेबलावर गेली, तर राधानगरीच्या रानाला तिचा उपयोग होईल.